वाळण्याचा भाग

आंजी (मोठी)
१२ ऑगस्ट २०२५

रीता,

जाताना तू म्हणाली होतीस, "बोलायचं असन तं लिहून पाठवजो. लिहायले वेळ लागते, तेवढ्यात तुह्यं डोकं थंड होते." तर घे, लिहितो आहे. शुद्ध मराठीत लिहितो आहे, कारण वऱ्हाडीत सुरू केलं की माझा आवाज कागदावरही चढतो. डोकं अजून थंड झालेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिलं म्हणजे, मी माफी मागायला लिहीत नाही. विषय कात्रीचा आहे. तुझी नागमोडी धारेची कात्री माझ्याकडेच राहिली. मी ती वापरत नाही. फडक्यात गुंडाळून ठेवली आहे आणि दिवसातून एखाद वेळ जागेवर आहे ना एवढं पाहतो. पाहिजे असेल तर कळव.

दुसरं म्हणजे राखीचा व्हिडिओ. "करून पायजो" हे चॅनल आपलं दोघांचं. हात तुझे, मोबाइल आणि आवाज माझा. त्याच्याखाली कोणी सूर्यफूल लिहितं, "हात लय गोड आहे पोरीचा." आता चॅनलवाल्यानं काय करावं? गप्प बसावं? मी उत्तर दिलं, "हाताशी तुले काय करायचं बे? दम असन तं ये आंजीले, मंग पाहू." त्याच्या पुढची ओळ इथं लिहीत नाही, तू वाचलीच आहेस. सगळ्या वर्धा जिल्ह्यानं वाचली आहे. ते सूर्यफूल तुझे सख्खे धर्मेंद्रमामा निघाले, यात माझा दोष कुठं येतो? माणसानं फोटोच्या जागी स्वतःचं तोंड लावावं. फूल लावलं तर लोक फुलाशी बोलल्यासारखं बोलतील का?

आणि तू काय केलंस? माझा नंबर बंद केलास आणि त्याच मामांच्या घरी पुलगावला निघून गेलीस. तिथल्या शाळेत हस्तकलेच्या मॅडमची नोकरी आधीच ठरली होती म्हणे. मग मला काऊन नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी भांडलो असतो असं म्हणू नकोस. भांडलोच असतो. पण सांगायला पाहिजे होतं.

असो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गावभरच्या पोट्ट्यांना ओढत फिरायला नंदी लागणार. लाकडाचा प्रत्येक घरी नसतो. यंदा कागदाच्या लगद्याचा नंदी शिकवायचा हे आपण उन्हाळ्यातच ठरवलं होतं. तू नसलीस म्हणून काय झालं? मी एकटा शिकवतो. हात मलाही आहेत.

चिठ्ठी डोमाजीकाकांच्या काळीपिवळीनं पाठवतो आहे. गाडी भरल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत, म्हणून कधी पोचेल सांगता येत नाही. पाकीट मी नीट चिकटवलं आहे. उघडलेलं मिळालं तर कोणी वाचलं ते समजून घे.

ऋतिक

ता. क. वेळेवर जेवत जा. हे आईनं लिहायला सांगितलं. म्हणजे सांगितलं नाही, पण सांगितलं असतं.


१५ ऑगस्ट

रीता,

मी दोन पानं लिहिली, तू एक ओळ. "कात्री ठेव. लगद्यात मेथीचं पीठ विसरू नको." बस? पेन संपला होता का?

डोमाजीकाका म्हणतात, "पोरगी हुशार आहे. तू एवढं लिवलं त्यात कामाचं कायीच नव्हतं." म्हणजे वाचलं त्यांनी. मी म्हटलं, काका, पाकीट चिकटवलं होतं ना? तर म्हणाले, "उनानं सुटलं." ऑगस्टमधलं ऊन!

मेथीला उशीर झाला. तुझी ओळ पोचायच्या आधीच व्हिडिओ टाकून झाला होता. आणि तो चालून राह्यला आहे, रीता! अंगणवाडीच्या ताईंनी पालकांच्या ग्रुपवर टाकला. आंजीत अशी गल्ली नाही जिथं पोट्टे रद्दी भिजवत बसले नाहीत. बाबा रोज म्हणतात कॉलेज सोडून काय मिळवलं, आज त्यांच्याच दुकानातली बेगड आणि रंग दुपारपर्यंत संपले. मी काउंटरवर कोपर टेकवून नुसता उभा राहिलो. बोललो काहीच नाही. न बोलण्यात किती मजा असते!

कृती तुझीच आहे. फक्त कंटाळवाणं तेवढं काढलं. तू पायांच्या आत पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या घालतेस. त्या आणायला शेतात कोण जाणार, म्हणून मी पेपरच्या सुरळ्या घातल्या. मेथीचा डबा आईनं हातात दिला नाही, तिला लाडवाची पडली आहे. आणि वाळण्याचा भाग पुरता कापला. तो तर मी नेहमीच कापतो. ओली वस्तू वाळताना लोकांनी काय पाहायचं? लगदा केला, खळ टाकली, थापला, आणि लगेच पुढच्या क्षणाला तयार नंदी! ऐटीत उभा. लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

तू करायचीस तेव्हा एका व्हिडिओला आठवडा जायचा. मी एका सकाळी उडवला. विचार कर.

ऋतिक


१७ ऑगस्ट

रीता,

तुझी चिठ्ठी मिळाली. "तयार नंदी मागच्या वर्षीचा माझा आहे. डाव्या शिंगाले हिरव्या बांगडीचा तुकडा मी लावलता. तुहा कुठी आहे?"

माझा कुठी आहे, सांगतो.

माझा छपरीत आहे आणि तो बसला आहे. मी बसवला नाही, तो आपल्या मनानं बसला. आधी मागचे पाय गेले, मग पुढचे, मग मान. आता तो नंदी कमी आणि झोपलेली म्हैस जास्त दिसतो. एका दिवसात वाळेल असं मी व्हिडिओत बोललो होतो. या दमट हवेत अंगावरचा शर्ट वाळत नाही, लगदा काय वाळणार!

माझा एकट्याचा असता तर मी तो उकिरड्यावर टाकून मोकळा झालो असतो. पण आज सकाळी शेजारची नलू आली. तिसरीत आहे ती, तुला माहीत आहे, हेडमास्तरसारखी बोलते. परातीत फडकं, फडक्यात नंदी.

"दादा, माहा नंदी बसला."

"बसला म्हणजे?"

"म्हणजे काल उभा होता, आज बसला. अन् एक कान उंदरानं खाल्ला."

"मेथीचं पीठ टाकलं होतं का? मेथी असली की उंदीर तोंड लावत नाही."

"व्हिडिओत कुठी सांगतली तुमी मेथी?"

तिच्यामागून आणखी पोट्टे. कोणाच्या नंदीचं पोट सुटलं, कोणाच्या पाठीवर बुरशी. दहा वाजेपर्यंत आमची छपरी म्हणजे जनावरांचा दवाखाना झाली. तिकडे दुकानात त्यांच्या आया. "पुंडलिकराव, बेगड वापस घ्या. लावाची कोणाले?" बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग घरात येऊन शांतपणे म्हणाले, "कॉलेज अर्धं, नंदी अर्धा. तुह्या हातून पुरं काय होते ते एकदा सांगून दे, मी तेच मागत जाईन."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, पायच नडतात ना, कापूनच टाकतो. कात्री घेऊन बसलो. तुझी नाही, दुकानातली. तर आई स्वयंपाकघरातून धावत आली. "पोळ्याच्या तोंडावर नंदीचे पाय कापतं? सणाच्या दिवसांत बैलावर कोणी चाबूक उचलत नाई अन् हा कात्री चालवून राह्यला! हात तं लावून पाह्य!" कात्री गेली. आता ती आईच्या कमरेला आहे.

नलू जाताना एवढंच म्हणाली, "तान्ह्या पोळ्याले माह्याजवळ नंदी नसन, तं मी सगळ्याइले सांगीन का दादानं खोटा दाखवला." रडली नाही. रडली असती तर बरं होतं.

मी तुला विचारत नाही आहे, रीता. मी फक्त कळवतो आहे. एखादीला हे काम येत असेल, तर अशा वेळी तिनं काय केलं असतं, एवढीच उत्सुकता.

ऋतिक

ता. क. गाडी भरत नव्हती म्हणून मी स्वतः ओरडून तीन सीटा मिळवून दिल्या. आता तरी लवकर पोचू दे.


१९ ऑगस्ट

रीता,

तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी स्टँडवरच होतो. सहज. डोमाजीकाका म्हणाले, "तू सकाळपासून सहजच आहे." चिठ्ठी मी उभ्याउभ्या वाचली, मग घरी येऊन परत, मग पोट्ट्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

"पायरी पहिली. पाय अजून ओले आहेत ना? मग बरं झालं. वाळले असते तर मोडले असते. चारही पाय पोटाखाली दुमडा. देवळातला नंदी बसलेलाच असते, त्याले कोणी आजारी म्हणत नाई. एवढंच कर. झालं की लिहून कळव, मग दुसरी सांगीन. सगळ्या एकदम सांगतल्या तं तू शेवटची आधी करशील."

एकच पायरी! मला आधी राग आला. कोण असं शिकवतं? एका पायरीला काळीपिवळीची एक फेरी? मग पुढची पायरी काय असेल ते मी ओळखायला गेलो, तीन वेळा वेगवेगळं ओळखलं, आणि गुमान पहिलीला बसलो.

छपरीत पोट्ट्यांची रांग. पाय दुमडायचा, ओल्या फडक्यानं सांधा दाबायचा, आणि धरून ठेवायचा. सोडला की उघडतो. एवढ्यात रस्त्यावरून स्वप्निल गेला, चौकातला. गाडी थांबवून म्हणतो, "काय बे ऋतिक, तुह्ये बैल वखर वढून थकले का?" सगळी पोरं माझ्याकडे पाहू लागली. तुला माहीत आहे, एरवी मी ओट्यावरून खाली असतो. पण एका हातात नलूच्या नंदीचा पुढचा पाय, दुसऱ्या हातात मागचा. उठलो असतो तर दोन्ही उघडले असते. बसून राहिलो. स्वप्निल थोडा वेळ वाट पाहत थांबला, मग त्यालाच कसंसं झालं. म्हणाला, "तब्येत बरी आहे ना बे?" आणि गेला.

सगळे नंदी आता बसले आहेत. खरंच देवळातल्यासारखे दिसतात गं. आईनं येऊन प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं आणि कात्री परत दिली.

फक्त नलूचा प्रश्न आहे. "बसलेला बैल चालन कसा? तान्ह्या पोळ्याले नंदी ओढत न्या लागते. मी काय कडेवर घिऊन फिरू?" मी तिला म्हटलं, ते पुढच्या पायरीत असेल. तिनं विचारलं, "तुमाले तरी माहीत आहे का दादा, किती पायऱ्या आहेत?"

नाही माहीत. सांगशील?

ऋतिक


२१ ऑगस्ट

रीता,

"पायरी दुसरी. वाळू दे. पंखा लाव, पण लांबून. हात लावू नको, उचलून पाहू नको. समोर बसून राहा. बसला होता याचा व्हिडिओ काढ अन् मोबाइलचं कार्ड पाठव. कापू नको."

बसलो. कार्ड या चिठ्ठीसोबत आहे. पाहशील तर त्यात काहीच नाही. मी, नलू, पंखा आणि एक ओळ नंदी. बाबा मध्येच चहा ठेवून जातात, तेवढी एक घटना आहे. एकदा मी बोट पुढं केलं आणि नलूनं फटका मारला, तेही आलं असेल. लगदा आधी कानाच्या टोकाला पांढरा पडतो, मग कण्यावर, पोट सगळ्यात शेवटी. इतके व्हिडिओ केले, मला हे माहीतच नव्हतं. मी नेहमी कापायचो ना.

आता जे लिहितो आहे ते नीट वाच. डोमाजीकाका, तुम्ही वाचत असाल तर हा भाग सोडा.

व्हिडिओ बंद केला तरी बसायचंच होतं, कंटाळा आला म्हणून मोबाइलमधले जुने तुकडे काढले. मी कापलेले. राखीचा गोंद वाळत होता त्या वेळचा एक आहे. पडद्यावर तुझे हात नुसते मांडीवर आहेत आणि तू बोलते आहेस. तेव्हा मी ऐकलं नव्हतं. मी मोबाइलमागं होतो आणि पुढचा शॉट कुठून घ्यायचा हे पाहत होतो. तू विचारतेस, "ऋतिक, पुलगावच्या शाळेत मले बोलावलं. मी गेली तं तुले चालन का?" आणि मागून माझा आवाज येतो, "हात हलवू नको, फोकस जाते." तू हात होते तसेच ठेवतेस. आणि म्हणतेस, "बरं."

एवढंच आहे. मग मी कापलं.

पहिल्या चिठ्ठीत मी तुला विचारलं होतं ना, मला का नाही सांगितलं म्हणून. ती ओळ खोडून टाक. तुझ्याकडं पेन आहे, एका ओळीपुरता तरी आहेच.

नलू माझ्याकडं पाहत होती. म्हणाली, "दादा, डोळ्यात लगदा गेला का?" मी हो म्हटलं.

बरं, आता हसण्याचं. मी दुसरीचं कळवायच्या आधीच तिसरी पायरी पोचली. सोबत एक गोणी. डोमाजीकाकांनी ती अशी आदळली की अर्धा स्टँड वळून पाहू लागला. "एक सीट अडकवली तुह्या गोणीनं. अन् जड किती! सासऱ्याच्या घरून लोखंड कोण मागवते बे?" मी म्हटलं, काका, हळू! तर आणखी मोठ्यानं म्हणाले, "काऊन? लोखंड म्हटलं ना मी!"

आत जुने बेअरिंग. आणि चिठ्ठीतलं अक्षर तुझं नव्हतं. "पायरी तिसरी मामा सांगतो, कारण सायकलीचं दुकान मामाचं आहे. लाकडी पाटाले चार बेअरिंग ठोक, त्यावर नंदी बसव. नंदीनं चालाची गरज नाई, पाट चालन. ठोकताना बोटं सांभाळजो. तुह्या हाताशी मले काम आहे. — सूर्यफूल."

रीता, काम आहे म्हणजे काय? हे चांगलं काम आहे का वाईट? मी दिवसभर हातोडी चालवली आणि दर ठोक्याला हाच विचार केला. बोटं मात्र दहाच्या दहा शाबूत आहेत.

एक नवीन भानगड झाली आहे. आज खांदेमळणी. घरोघरी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळून चालले आहेत. तर या पोट्ट्यांनी काय करावं? आपापल्या नंदीचे खांदे चोळले! लगद्याच्या नंदीला तूप! मी दुकानातून येईपर्यंत नलू शेवटचा हात फिरवून नंदीच्या उरलेल्या एका कानात म्हणत होती, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." रंग आता त्या जागी धरत नाही. लावला की घसरतो. आणि मी ओरडलो नाही. कसा ओरडणार? बैलाला जेवायला बोलावणाऱ्या माणसावर ओरडता येत नाही.

खांदे झुलीखाली झाकावे असं मला वाटतं. पण करत नाही. तू सांग, मग करतो.

ऋतिक


२४ ऑगस्ट

रीता,

काल तू आलीस. चिठ्ठीऐवजी स्वतःच. मी रोजच्यासारखा सहज स्टँडवर होतो आणि काळीपिवळीच्या मागच्या दारातून आधी झुलीच्या कापडाचा गठ्ठा उतरला, मग तू. डोमाजीकाका म्हणाले, "घे, चौथी पायरी. उचलून घे, जड नाई."

मी तुला काय काय सांगायचं ते पाठ केलं होतं. सगळं गेलं. कात्री तेवढी फडक्यातून काढून पुढं केली. तू म्हणालीस, "ठेव तिथंच. मले इथं लागन." इथं लागन म्हणजे कालच्यापुरती, का पुढंही? विचारणार होतो. पण तोवर तू छपरीत बसून झुली कापायला लागली होतीस, आणि मी मोबाइल काढला नाही. पहिल्यांदाच तुझे हात नुसते पाहिले.

तान्हा पोळा तर तू पाहिलाच. तरी लिहितो, कारण मला लिहायचा आहे. देवळासमोर लाकडाचे नंदी ओळीत उभे, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. आणि त्यांच्यामागून बेअरिंगचा खडखडाट करत आमची वरात. एकजात बसलेले नंदी, अंगावर झुली, पाटावर स्वार! लोकांनी आधी पाट पाहिले, मग आम्हाला. मला वाटलं, संपलं. मग कोणीतरी म्हातारबा म्हणाले, "वा रे पोट्टेहो! वर्षभर राबला बैल, आज त्यानं बसायचं अन् आपण ओढायचं. बरोबर आहे." आणि टाळ्या पडल्या. हा विचार तुझा होता, का मामांचा, का कोणाचाच नव्हता? माझा तर नक्कीच नव्हता. माझा नंदी नुसता ओला होता.

नलूला एकानं टोकलं, "कावं, याचा एक कान कुठी गेला?" ती म्हणाली, "एकच पुरते. ऐकाची सवय असली म्हणजे झालं." बोलताना ती माझ्याकडं काऊन पाहत होती ते मला ठाऊक नाही. तू का हसलीस तेही ठाऊक नाही.

घरोघरी नंदी फिरवून बोजाऱ्याचे पैसे घेऊन पोट्टे परत आले तोवर तुझी गाडी भरत आली होती. तू म्हणालीस, "बोल." मी गाडीतल्या सीटा मोजायला लागलो. तू म्हणालीस, "बरं. लिहून पाठवजो." पण हे "बरं" त्या जुन्या तुकड्यातल्यासारखं नव्हतं. दोन्ही ऐकले आहेत मी, फरक कळतो.

आज सकाळी चॅनल उघडलं तर तू माझं कार्ड तसंच्या तसं टाकून दिलेलं! पासवर्ड तुझ्याकडंही आहे हे मी विसरलो होतो. नाव काय, "नंदी वाळताना". एक मिनिटसुद्धा कापलेलं नाही. मी तोंडाचा आ करून पंख्यासमोर बसलेला, दुपारभर. आणि लोक पाहत आहेत! अंगणवाडीच्या ताई लिहितात, बाळ हा व्हिडिओ लावला की झोपतं. एकीनं विचारलं, चहा ठेवून गेले ते कोण? बाबांनी ते मला चार वेळा वाचून दाखवायला लावलं.

खालून तिसरी कमेंट सूर्यफुलाची आहे. "पोरगा बसू शकते म्हणाचा."

माझा नंबर तू परत सुरू केलास हे मी पाहिलं. फोन करू शकतो. पण एक गोष्ट आहे जी मी घाईत करून बसेन अशी मला भीती आहे, म्हणून ही चिठ्ठी.

मामांना मी उत्तर लिहिलं आहे. टाकलं नाही, नुसतं लिहून ठेवलं आहे. ते असं: "मामा, आज आवतण घ्या. आंजीले जेवाले या. आईबाबा घरी आहेत."

मागच्या वेळी पण मी त्यांना आंजीले ये असंच म्हटलं होतं. शब्द जवळपास तेच आहेत, म्हणून जास्तच धाकधूक होते. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे भैताडा, असं बैलाले म्हणतात. मामाले वाटन मले बैल म्हटलं." बाबा म्हणाले, "मग काय झालं, आज तरी मानानं म्हटलं." आणि दुकानात निघून गेले. जाताना विचारत होते, पुलगावच्या लोकांना पुरणात जायफळ चालतं का.

तुझ्याकडून बोलणारं मोठं माणूस म्हणजे मामाच, म्हणून आईबाबांना कळलं आहे मी त्यांना काऊन बोलावतो आहे. तुलाही कळलं असेल. कळलं नसेल तर नलूला विचार, तिला केव्हाच कळलं.

मी एरवी बोट लावून मोकळा झालो असतो. या वेळी नाही. यायचं की नाही हे मामांनी ठरवायच्या आधी तू ठरव. तू हव म्हटलंस तर टाकतो. नाही म्हटलंस तर पुसतो, आणि नंदीच्या पुढच्या व्हिडिओची तयारी करतो, भांडणार नाही. निदान लिहून तरी नाही. आणि विचार करायला वेळ पाहिजे असेल तर घे. मी हात लावत नाही, उचलून पाहत नाही. समोर बसलो आहे.

ऋतिक


(त्याच पानाच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात)

पोरी रीता, म्या कायी वाचलं नाई. पाकीट उनानं सुटलं. पण हव म्हणून टाक. सकाळपासून पोरगं स्टँडच्या पायरीवर बसून आहे, जेवलं बी नाई. माही परतीची गाडी भरली की मी निंगतो, आज सीटा हळूहळूच घिईन. तोवर उत्तर लिवून ठेवजो.

डोमाजी